पॉवर स्टिअरिंग काढून साधे स्टिअरिंग करायचे आहे: रॅक बदलावा, की आहे तोच रॅक सुधारून घ्यावा?

प्रश्न: सुट्टीचा_सारथी (पेनसिल्व्हेनिया)

नमस्कार. माझ्याकडे १९९४ ची माझदा मियाटा आहे. भारतात ही गाडी विकायला आली नव्हती, म्हणून थोडक्यात ओळख करून देतो. दोन आसने, उघडता येणारे छप्पर, पुढे १.८ लिटरचे इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि वजन हजार किलोंच्या थोडे वर. माझ्या गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे, मात्र याच पिढीची गाडी कारखान्यातून साध्या स्टिअरिंगसहही मिळत असे.

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने स्टिअरिंगच्या लोखंडी नळ्या गंजल्या असून दोन ठिकाणांहून ऑइल झिरपते. तीस वर्षांहून अधिक काळ या नळ्या टिकल्या, त्यामुळे गाडीविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण आता हात घालायचाच आहे, तर पंप, टाकी आणि नळ्या कायमच्या काढून टाकाव्यात असा विचार आहे. साध्या स्टिअरिंगची मियाटा मी चालवून पाहिली आहे. रस्ता कुठे खडबडीत आहे, पुढच्या टायरची पकड कुठे सुटू लागली आहे, हे त्या गाडीत हातांना जितके स्पष्ट कळत होते तितके माझ्या गाडीत कळत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नुसता पंप काढून रॅकची (पुढची चाके वळवणारा दातेरी दांडा आणि त्याची नळी) दोन तोंडे एका नळीने जोडली तर चालते, असे इथले काही जण सांगतात; ते योग्य आहे का? त्याऐवजी भंगारातल्या गाडीचा साधा रॅक शोधून बसवावा, की माझाच रॅक उघडून त्यात बदल करावा? आणि एसी ठेवायचा असेल तर बेल्टचे काय करायचे? गाडी माझी पत्नीही चालवते आणि शहरात दोन गाड्यांच्या मध्ये पार्किंग करावे लागते, हे लक्षात घेऊन सल्ला द्यावा. टायर सध्या २०५/५० आर १५ (रुंदी २०५ मिलिमीटर, रिम १५ इंची) आहेत.

प्रतिसाद: तेलकट_हात

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण समजले की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतील.

पॉवर रॅकमध्ये दोन गोष्टी अशा असतात ज्या साध्या रॅकमध्ये नसतात. पहिली म्हणजे रॅकच्या दांड्यावर बसवलेला पिस्टन. रॅकची नळी हाच त्याचा सिलिंडर असतो आणि पंपाकडून आलेले ऑइल पिस्टनच्या एका बाजूला दाब देऊन दांडा सरकवायला मदत करते. पंप काढून दोन तोंडे नळीने जोडली, तर प्रत्येक वळणाला तुमचे हात हे ऑइल त्या अरुंद नळीतून इकडून तिकडे ढकलत राहतात. सावकाश वळवताना ते फारसे जाणवत नाही, पण समोर अचानक काही आले आणि स्टिअरिंगचे चाक झटकन फिरवावे लागले की ऑइलचा अडथळा त्याच क्षणी वाढतो, म्हणजे जेव्हा हलके हवे तेव्हाच स्टिअरिंग जड होते. दुसरी गोष्ट पिनियनच्या, म्हणजे दांड्याच्या दात्यांत अडकणाऱ्या छोट्या गिअरच्या, वरच्या भागात असते. तिथे शाफ्ट अखंड नसतो. वरचा तुकडा आणि पिनियन यांना एक बारीक टॉर्शन बार जोडतो. तुम्ही चाक फिरवले की हा बार किंचित पिळला जातो, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल योग्य बाजूला जाते. दाबच नसेल तर बार पिळला जाऊन त्याच्या अटकावापर्यंत पोहोचल्याशिवाय पूर्ण जोर पिनियनपर्यंत जात नाही, आणि त्यामुळे मध्यावर एक मऊ, सैल पट्टा तयार होतो. तुम्हाला रस्त्याची जी जाणीव हवी आहे, ती नेमकी त्या पट्ट्यात हरवते. एवढा खटाटोप करून हातात पूर्वीपेक्षा कमी कळणारे स्टिअरिंग घ्यायचे, याला काही अर्थ नाही.

म्हणूनच बेल्ट काढून गाडी चालवून पाहायची आणि ‘साधे स्टिअरिंग एवढे जड असते’ असे ठरवायचे, हेही चूक आहे. बंद पंपातून ऑइल ढकलण्याचा जोर त्यात मिसळलेला असतो. नीट केलेला रॅक त्यापेक्षा बराच हलका लागतो.

आता दुसरा प्रश्न. मियाटाच्या या पिढीत साध्या रॅकचे गुणोत्तर १८:१ आहे (स्टिअरिंग १८ अंश फिरवले की पुढची चाके १ अंश वळतात) आणि पॉवर रॅकचे १५:१. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साध्या रॅकला चाकाचे ३.३ च्या आसपास फेरे लागतात, तर पॉवर रॅकला सुमारे २.८. कारखान्याने मुद्दामच साध्या रॅकला जास्त फेरे दिले, म्हणजे हातावर कमी भार येतो. तुमचाच रॅक सुधारून वापरला, तर घर्षण तेवढेच धरूनही चाकावरचा जोर साध्या रॅकच्या तुलनेत पाचव्या हिश्श्याने जास्त लागेल. त्याच्या बदल्यात गाडी कमी फेऱ्यांत वळते, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर तो आनंद निराळाच असतो. मी माझ्या गाडीत हाच मार्ग घेतला आणि तो मला मनापासून आवडतो. पण माझी गाडी मोकळ्या रस्त्यावर धावते, शहरातल्या पार्किंगशी तिचा संबंध क्वचितच येतो. तुमच्या पत्नीही गाडी चालवणार असतील, तर मी आधी साधा रॅक शोधीन.

साधा रॅक मिळाला नाही, किंवा मिळालेल्याचे दाते झिजलेले असले, तरच आपला रॅक उघडावा. त्यात पिस्टनवरचे सीलिंगचे कडे काढायचे, आतले ऑइल सील काढायचे, पण टोकाजवळचा बुश मात्र जागेवर राहू द्यायचा, कारण दांड्याला त्या बाजूला आधार तोच देतो. सील तशीच ठेवून नळ्यांची तोंडे बंद केली तर हवा आत कोंडते आणि रॅक पंपासारखा वागू लागतो. सील काढून तोंडे बंद केली तर हवा आतल्या आत मोकळी फिरते आणि बाहेरचे पाणी आत येत नाही. जुने ऑइल पूर्ण पुसून लिथियम ग्रीसचा पातळ थर द्यावा. ग्रीस ठासून भरू नये, तेही अडथळाच करते. शेवटी योकचा, म्हणजे दांडा पिनियनवर दाबून धरणाऱ्या भागाचा, स्क्रू. तो जरा जास्त आवळला गेला की वळणानंतर चाक आपणहून सरळ येत नाही, आणि मग लोक अलाइनमेंटवाल्याला (चाकांचे कोन जुळवून देणाऱ्याला) दोष देतात.

टॉर्शन बारचा सैलपणा घालवण्यासाठी वरचा शाफ्ट आणि पिनियन वेल्ड करतात. हे काम टिग वेल्डिंग जाणणाऱ्या, यंत्रभागांची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. पिनियनच्या दात्यांपर्यंत उष्णता पोहोचू देऊ नये, आणि भाग पाण्यात घालून थंड करू नये. ‘स्टिअरिंगमध्ये वेल्ड?’ हे ऐकून पोटात गोळा येणे साहजिक आहे. ते वेल्ड सुटलेच, तर बारच्या बाजूचे यांत्रिक अटकाव शिल्लक असतात आणि चाक पिनियनशी जोडलेलेच राहते. फक्त जुना सैलपणा परत येतो. तरीही वेल्डची तपासणी केल्याशिवाय रॅक गाडीत चढवू नये.

बेल्टबद्दल: या गाडीत पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर एकाच बेल्टवर चालतात आणि तो बेल्ट ताणण्याची सोय पंपाच्या बाजूला असते. पंप निघाला की ताण द्यायला काहीच उरत नाही. एसी आहे पण पॉवर स्टिअरिंग नाही, अशा गाड्यांत पंपाच्या जागी ताण देणारी वेगळी पुली असते. तिचा ब्रॅकेटसह संच आणि त्याला साजेसा बेल्ट घ्यावा. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दुसऱ्या बेल्टवर आहेत, त्यांना हात लावावा लागत नाही. पंपाजवळ दाबाचा एक स्विच आहे, जो चाक पूर्ण वळवल्यावर इंजिनाचा आयडल (गाडी उभी असतानाचा वेग) वाढवण्याची सूचना देतो. त्याचा कनेक्टर मोकळा ठेवून नीट झाकावा आणि वायरिंगला बांधून टाकावा.

प्रतिसाद: कुंभार्ली_घाट

वरचा प्रतिसाद तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, पण मला एक पायरी मागे जावेसे वाटते. मूळ दुखणे नळ्या गंजल्याचे आहे. रॅकच्या टोकांना असलेल्या रबरी बूटमध्ये ऑइल साचलेले नसेल, तर रॅकची सील शाबूत आहेत असे धरायला हरकत नाही, आणि मग फक्त नळ्या बदलून काम भागते. हायड्रॉलिक होज बनवणारी दुकाने जुनी नळी नमुना म्हणून घेऊन तशीच नवी दाबाची नळी बनवून देतात. चाक पूर्ण वळवून धरले की या यंत्रणेत दाब ७० बारच्याही वर जातो, म्हणून साधी रबरी नळी आणि क्लिप लावण्याचा मोह मात्र टाळावा.

इंधन वाचेल या आशेने कोणी हा बदल करत असेल तर त्यानेही थांबावे. गाडी सरळ चालत असताना पंप कमी दाबाने ऑइल नुसते फिरवत असतो. खरी ताकद लागते ती जागच्या जागी वळवताना, आणि आपण पूर्ण प्रवासात तसे किती वेळ करतो? जो फरक पडतो तो इतका लहान आहे की टायरमध्ये हवा बरोबर ठेवली तरी तेवढा मिळावा.

घरातली दोन माणसे जी गाडी चालवतात, तिचे स्टिअरिंग त्यातल्या कमी ताकदीच्या माणसाला साजेसे असावे, असे माझे ठाम मत आहे. मनगट दुखते म्हणून वळण अर्धवट सोडले जाणे ही सुरक्षिततेची बाब आहे.

प्रश्नकर्ता: सुट्टीचा_सारथी

दोघांचेही आभार. दोन्ही बूट उघडून पाहिले. डाव्या बाजूच्या बूटमध्ये ऑइल आहे, म्हणजे सीलही गेलेले दिसते. त्यामुळे नळ्यांसोबत रॅकही दुरुस्त करणे आले, आणि मग साधा रॅक बसवण्याच्या श्रमात व यात फारसा फरक उरत नाही. ‘कमी ताकदीच्या माणसाला साजेसे’ हा मुद्दा मला पटला आहे. आज मी पत्नीला साध्या स्टिअरिंगची गाडी पार्किंगमध्ये चालवायला दिली. गाडी किंचित सरकत असताना तिला काहीच अडचण आली नाही. थांबलेल्या गाडीचे चाक मात्र तिला जड वाटले. टायर आणि अलाइनमेंटने हे जडपण कितपत कमी होऊ शकते?

प्रतिसाद: चाचणीपथ (पुणे)

मी वाहनांच्या चाचणीशी संबंधित काम करतो, म्हणून या भागावर लिहितो. जड आणि हलके हे शब्द माणसागणिक बदलतात; मोजमाप असले की चर्चा सोपी होते. स्टिअरिंगसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७९ मध्ये प्रवासी गाडीसाठी अशी अट आहे की ताशी १० किलोमीटर वेगाने, सरळ स्थितीपासून ४ सेकंदांत १२ मीटर त्रिज्येच्या वळणात जाताना चालकाला चाकावर १५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लावावा लागू नये. हीच चाचणी मदत बंद पडलेल्या अवस्थेत घेतली, तर त्रिज्या २० मीटरपर्यंत सैल केली जाते आणि जोराची मर्यादा ३०० न्यूटन होते. म्हणजे बंद पडलेल्या पॉवर स्टिअरिंगकडून अपेक्षा एवढीच असते की चालकाने गाडी सुखरूप बाजूला घ्यावी. रोज त्या अवस्थेत चालवण्याचा विचार त्यात नाही. तेलकट_हात यांनी नळी जोडण्याच्या क्लृप्तीला नकार दिला, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. थांबलेल्या गाडीचे चाक वळवताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग जागच्या जागी घासत फिरतो, आणि तो भाग जितका रुंद तितका विरोध जास्त. गाडी चालण्याच्या वेगाने जरी सरकली तरी टायर घासण्याऐवजी गडगडत वळतो आणि जोर एकदम उतरतो. तुमच्या पत्नींना जो फरक जाणवला तो हाच आहे. साध्या स्टिअरिंगच्या गाड्यांवर आपली जी पिढी गाडी शिकली, तिला ‘गाडी हलल्याशिवाय चाक फिरवू नकोस’ हे पहिल्याच दिवशी सांगितले जात असे, आणि तो धडा आजही तितकाच खरा आहे.

या गाडीला मुळात १८५/६० आर १४ टायर येत. २०५ रुंदीचे टायर पॉवर स्टिअरिंगमुळे तुम्हाला खटकले नसतील. साध्या रॅकवर ते खटकतील. १५ इंची रिम ठेवायची असेल तर १९५/५० घ्यावेत. रिम बदललेली असल्यास तिचा ऑफसेटही, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते तेही, पाहावे. चाक मूळ जागेपेक्षा बाहेर आले असेल, तर वळण्याच्या अक्षापासून टायरचा मध्य दूर जातो आणि प्रत्येक खड्ड्याचा झटका थेट मनगटात येतो. पॉवर स्टिअरिंग हा झटका गिळून टाकते, त्यामुळे रिमचा हा दोष आजवर लपून राहिलेला असू शकतो.

अलाइनमेंटमध्ये कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, महत्त्वाचा. कॅस्टर जास्त असला की वेगात गाडी सरळ धरते, वळणानंतर चाक लवकर परत येते, पण वळवायला जड होते. तुमच्या गाडीत पुढच्या खालच्या आर्मचे बोल्ट फिरवून कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) दोन्ही बदलता येतात, ही मोठीच सोय आहे. पॉवर स्टिअरिंगच्या भरवशावर कोणी कॅस्टर वाढवून ठेवला असेल, तर तो कारखान्याच्या मर्यादेतल्या खालच्या बाजूला आणावा. त्याहून कमी करू नये. तेवढ्यासाठी महामार्गावरची स्थिरता घालवणे परवडणारे नाही. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा असावा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते आणि साध्या रॅकवर ती ओढ दिवसभर हातांना सोसावी लागते.

प्रतिसाद: अजिंक्यतारा (सातारा)

चर्चा वाचून एक जोडप्रश्न विचारतो. माझ्या छोट्या हॅचबॅकला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे आणि तिच्या मोटरमधून आवाज येऊ लागला आहे. त्याच गाडीचा स्वस्त प्रकार साध्या स्टिअरिंगसह येत असे. फ्यूज काढून टाकला तर माझी गाडी साधी होईल का? आपल्याकडच्या कायद्यात हे बसते का?

प्रतिसाद: चाचणीपथ (पुणे)

फ्यूज काढून गाडी साधी होत नाही. छोट्या गाड्यांत ही मोटर सहसा स्टिअरिंगच्या कॉलमवर असते आणि वर्म गिअरमधून कॉलमला जोडलेली असते. वीज तोडली तरी मोटर आणि गिअर तिथेच राहतात, आणि चाक फिरवताना तुम्हाला ती बंद मोटरही उलटी फिरवावी लागते. इथेही टॉर्शन बार असतोच, कारण चालकाचा जोर मोजणारा सेन्सर त्याच्याच पिळावर चालतो. शिवाय मोटरमधून आवाज येतो म्हणजे आत काही झिजले आहे, आणि झिजलेला भाग बिनविजेचा झाला म्हणून अडकायचा थांबत नाही. खरोखर साधे करायचे तर स्वस्त प्रकारातला कॉलम आणि रॅक दोन्ही जोडीने घ्यावे लागतील, कारण गुणोत्तर वेगळे असण्याचा संभव आहे. माझा सल्ला मोटर दुरुस्त करण्याचा किंवा कॉलमचा संच बदलण्याचा आहे.

कायद्याबद्दल: मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. स्टिअरिंगचा प्रकार त्या प्रमाणपत्रात लिहिलेला नसतो, पण त्यामुळे बदल आपोआप निर्धास्त ठरत नाही. काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ मात्र प्रत्येक गाडीला थेट लागू होतो: स्टिअरिंगच्या चाकातला सैलपणा ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, जोडण्यांच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट व पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. ३० अंश ही कायद्याची शेवटची हद्द आहे. चांगल्या स्थितीतल्या रॅकला त्याच्या जवळपासही जाऊ देऊ नये.

प्रश्नकर्ता: सुट्टीचा_सारथी

ठरले. साधा रॅकच बसवतो. शेजारच्या राज्यातल्या एका भंगार आवारात याच पिढीच्या गाडीचा रॅक मिळाला आहे आणि एसीची ताण देणारी पुलीही तिथेच आहे. रॅक घेताना आणि बसवताना काय पाहू?

प्रतिसाद: तेलकट_हात

घेताना पिनियन हाताने सावकाश फिरवून दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहा. मध्यावर सैल आणि टोकांना घट्ट लागत असेल तर दाते मध्यावर झिजले आहेत. योक आवळून मधला सैलपणा घालवला तर टोकांना रॅक अडकेल, म्हणून असा रॅक घेऊच नका. बूट फाटलेला असल्यास तो सरकवून दांड्यावर गंज आहे का तेही बघा. पिनियनच्या स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा) तुमच्या शाफ्टच्या जोडाला बसतात याची खात्री आवारातच करून घेतलेली बरी.

बसवताना सर्वांत जास्त जपायची गोष्ट रॅक नव्हे, तर स्टिअरिंगच्या चाकाखालची एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग आहे. तुमच्या १९९४ च्या गाडीत एअरबॅग आहे, आणि तिची वायर एका गुंडाळलेल्या पट्टीतून जाते, जी ठरावीक फेऱ्यांपुरतीच उलगडते. खालचा शाफ्ट सोडवल्यावर चाक मोकळे फिरते आणि कोणी सहज हात लावून ते फिरवले तर ती पट्टी तुटते. म्हणून पुढची चाके सरळ करून, किल्ली काढून स्टिअरिंग लॉक करा आणि मगच जोडाचा बोल्ट सोडवा. हलके लागावे म्हणून मोठ्या व्यासाचे स्टिअरिंग लावण्याची कल्पना कोणी दिली तर तीही बाजूला ठेवा, कारण त्यात एअरबॅग जाते.

नवा रॅक एका टोकाला नेऊन दुसऱ्या टोकापर्यंतचे पिनियनचे फेरे मोजा आणि त्यांच्या निम्म्यावर आणून ठेवा. त्या स्थितीत शाफ्ट जोडा. जोडाचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून पार गेलेला डोळ्यांनी दिसला पाहिजे. वरवर घट्ट वाटणारा पण खाचेत न बसलेला बोल्ट पुढे जोड निसटू देऊ शकतो. टाय रॉड एंड (रॅकला चाकांशी जोडणारी टोके) दोन्ही बाजूंना सारखेच आटे फिरवून बसवा, नाहीतर अलाइनमेंटवाला टो (पुढची चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बरोबर करील, पण डावीकडे आणि उजवीकडे गाडी सारखी वळणार नाही. अलाइनमेंटला जाण्याआधी टायर बदलून घ्या, म्हणजे ते काम दोनदा करावे लागणार नाही. थोडी गाडी चालवून झाल्यावर रॅकच्या पट्ट्यांचे आणि जोडाचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. पुढच्या वार्षिक तपासणीत तुमच्याकडे स्टिअरिंगचा सैलपणा पाहतातच. त्या वेळी गाडी लिफ्टवर असताना दोन्ही बूट आणि आटे स्वतः एकदा बघून घ्या.